डेन्मार्कमध्ये ‘येन्सन’ आडनावाची इतकी माणसे आली कुठून?

मुळारंभ
गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या कचेरीत डेन्मार्कमधील एका ग्राहक कंपनीचे काम सुरू झाले. पहिल्या बैठकीच्या निमंत्रणात त्यांच्या बाजूची अकरा नावे होती. त्यांपैकी तिघांचे आडनाव येन्सन, दोघांचे नील्सन आणि एकाचे हान्सन होते. यादी वाचून आमच्या साहेबांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "घरचाच धंदा दिसतो. यांच्यातला थोरला भाऊ कोणता?"

बैठकीत कळले की तिन्ही येन्सनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही आणि आपण आठवडाभर ज्याचा उच्चार ‘जेन्सन’ असा करत होतो तो मुळात ‘येन्सन’ आहे. त्यांच्यापैकी एक गृहस्थ सहज म्हणून गेले की आमच्याकडे हे आडनाव असणे म्हणजे आडनाव नसल्यासारखेच आहे. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सुमारे साठ लाख लोकसंख्येच्या देशात एकच आडनाव लाखो लोकांना कसे मिळाले, ते सगळे कोण्या एका मूळ पुरुषाचे वंशज आहेत काय, आणि या आडनावाची संख्या आता घटते आहे असे जे ऐकले ते खरे आहे काय, हे जाणकारांनी सांगावे.

वंशवेल
मूळ पुरुष एक नाही, हजारो आहेत, आणि त्या प्रत्येकाचे नाव येन्स होते. सगळ्या प्रकरणाची किल्ली एवढीच आहे.

‘सन’ म्हणजे मुलगा. येन्सचा मुलगा तो येन्सन. मात्र कित्येक शतके हे घराण्याचे नाव नव्हते, तर त्या एका माणसाच्या बापाची ओळख होती, आणि म्हणून ते दर पिढीला बदलत असे. येन्स नील्सन नावाच्या शेतकऱ्याला पेडर नावाचा मुलगा झाला तर तो पेडर येन्सन होई, आणि मारेन नावाची मुलगी झाली तर ती मारेन येन्सदाटर, म्हणजे येन्सची लेक. पुढे पेडरची मुले पेडरसन आणि पेडरस्दाटर होत. लग्नानंतरही बाईचे नाव बदलत नसे. मारेन ही मरेपर्यंत येन्सचीच लेक राही आणि चर्चच्या वहीत तशीच नोंदली जाई. बाप, आई, मुलगा आणि मुलगी अशा चौघांच्या घरात चार वेगवेगळी ‘आडनावे’ असणे हे तेव्हा अगदी नित्याचे होते.

आता येन्सच इतके का, तर येन्स हे योहानस या ख्रिस्ती संताच्या नावाचे डॅनिश तोंडात घासून गुळगुळीत झालेले रूप आहे. ख्रिस्ती धर्म रुजल्यावर जुनी नॉर्डिक नावे बरीचशी मागे पडली आणि संतांची मोजकी नावे घरोघरी फिरू लागली. निकोलाउसचा नील्स झाला, आंद्रेआसचा आनर्स, लाउरेन्टिउसचा लार्स, एरास्मुसचा रास्मुस आणि गेओर्गिउसचा योर्गन झाला. हान्स हेदेखील योहानसचेच दुसरे रूप आहे. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा होती, त्यामुळे येन्स नील्सनचा मुलगा नील्स येन्सन, त्याचा मुलगा पुन्हा येन्स नील्सन, असा झोका दीडशे वर्षे चालू राही. मी हौस म्हणून एका स्नेह्याची वंशावळ लावून देत होतो, तेव्हा एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच दशकात मला पाच येन्स नील्सन सापडले आणि त्यांपैकी दोघांच्या बायकांचे नावही एकच होते. त्या रात्री मी वही मिटून ठेवली.

टीकाराम
म्हणजे येन्सन, हान्सन आणि योहान्सन हे तिघेही शेवटी योहानसचेच मुलगे ठरले. मुळारंभ यांच्या साहेबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

शब्दवेल्हाळ
वंशवेल यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु यात आपल्याला नवल वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. आपणही स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहितोच. डॅनिश लोकांनी तेच केले, फक्त पुढे एका कायद्याने ते गोठवले. माझ्या वाचनाप्रमाणे १८२८ साली राजाने हुकूम काढला आणि त्या वर्षी ज्याचे जे नाव होते ते त्याच्या घराण्याला कायमचे चिकटले.

वंशवेल
शब्दवेल्हाळ, दोन्ही मुद्द्यांवर नम्र असहमती.

आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते आणि त्याच्या पुढे घराण्याचे आडनाव वेगळे असते. डॅनिश शेतकऱ्याकडे त्या पुढच्या जागी काही नव्हतेच. बापाचे नाव हेच त्याचे शेवटचे नाव होते. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर आपले आडनाव पुसून टाकावे, मधल्या नावाला मुलगा असा प्रत्यय जोडावा आणि मग ते नातवंडांनाही तसेच लावावे. काय गोंधळ होतो ते लगेच दिसेल.

दुसरा मुद्दा हुकमांचा. एका फटक्यात काहीही गोठले नाही. सरदार घराण्यांना फ्रेडरिक पहिला या राजाने १५२६ सालीच कायम आडनाव घ्यायला लावले होते आणि त्यांपैकी अनेकांनी आपल्या ढालीवरच्या चिन्हावरून नावे घेतली. ग्युल्डनस्त्येर्न म्हणजे सोन्याचा तारा. शहरांतल्या व्यापाऱ्यांनी, पाद्र्यांनी आणि कारागिरांनीही हळूहळू स्थिर नावे धरली. राहिला तो शेतकरी, म्हणजे बहुतांश देश. त्याच्यासाठी १८२८चा हुकूम निघाला, तो बाप्तिस्म्यासंबंधीचा होता. मुलाचे नाव ठेवतानाच त्याला पुढे जे घराण्याचे नाव लागणार आहे तेही नोंदवावे, असे त्यात म्हटले होते. गंमत अशी की ते नाव बापाचे जे ‘सन’ आहे ते धरायचे की बापाच्या पहिल्या नावावरून नवे बनवायचे, याबाबत खेड्यातल्या पाद्र्यांत एकमत नव्हते. एका पॅरिशमध्ये मुले येन्सन म्हणून नोंदली गेली, तर शेजारच्या पॅरिशमध्ये त्याच तऱ्हेच्या घरातील मुलांना जुन्या पद्धतीने बापाचे नाव जोडले गेले. लोकही ऐकेनात. १८५६ साली शासनाला पुन्हा बजावावे लागले, आणि तरीही काही कोपऱ्यांत जुनी चाल रेंगाळत राहिली.

यातून जे निष्पन्न झाले ते महत्त्वाचे आहे. आज एखाद्याचे आडनाव येन्सन असेल, तर त्यावरून इतकेच कळते की सर्वसाधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात, जेव्हा त्या घरापर्यंत कायदा खऱ्या अर्थाने पोहोचला, तेव्हा त्यांच्या पूर्वजांतल्या एका बापाचे नाव योगायोगाने येन्स होते. तीस वर्षे आधी किंवा नंतर कायदा पोहोचला असता तर तेच घराणे नील्सन किंवा लार्सन झाले असते. सख्ख्या चुलत घराण्यांची आडनावे भिन्न असू शकतात आणि एकाच आडनावाचे दोन शेजारी बापाच्या बाजूने हजार वर्षे मागे गेले तरी भेटतीलच असे नाही.

शब्दवेल्हाळ
१८२८विषयीचे माझे विधान मागे घेतो. परंतु मग एक शंका उरते. मुलींच्या ‘दाटर’चे काय झाले? ते नाव कोणी गोठवले नाही काय?

वंशवेल
ते नाव विरून गेले. घराण्याचे नाव एकच असावे असा आग्रह सुरू झाल्यावर मुलीदेखील येन्सन म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या. अक्षरशः पाहिले तर लाखो बायका तेव्हापासून स्वतःला येन्सचा मुलगा म्हणवून घेत आहेत. आइसलँडने मात्र जुनी रीत सोडली नाही. तिथे आजही मुलगा बापाच्या नावाला ‘सोन’ जोडतो आणि मुलगी ‘दोत्तिर’.

उत्तरवारा
मी काही वर्षे फ्लेन्सबुर्ग येथे राहिलो आहे, म्हणजे आज जर्मनीत असलेल्या परंतु १८६४ पर्यंत डॅनिश राजाच्या छत्राखाली असलेल्या श्लेस्विगमध्ये. तिथल्या दारांवरच्या पाट्या वाचताना आपण नक्की कोणत्या देशात आहोत असा प्रश्न पडतो, कारण हान्सन, पेटरसन आणि येन्सन यांची गर्दी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे.

वंशवेल यांनी दिलेल्या सनावळीत एक वर्ष घालावेसे वाटते. श्लेस्विगच्या डचीसाठी, म्हणजे ड्यूकच्या प्रांतासाठी, कायम आडनावाचा हुकूम १७७१ सालीच निघाला होता, म्हणजे उर्वरित देशापेक्षा अर्धशतकाहून अधिक आधी. त्यामुळे तिकडचे हान्सन कागदोपत्री जुने आहेत. आणखी एक खूण म्हणजे उत्तरेकडे पेडरसन हे नाव ‘ड’ने लिहितात आणि दक्षिणेकडे पेटरसन ‘ट’ने. नुसत्या एका अक्षरावरून माणूस कुठल्या बाजूचा असावा याचा बरा अंदाज बांधता येतो, अर्थात पैज लावण्याइतका नव्हे.

१९२० च्या सार्वमतानंतर श्लेस्विगचा उत्तर भाग डेन्मार्कला परत मिळाला, पण प्रशियन, म्हणजे जर्मन, अंमलाची एक गोष्ट तिथे अजून टिकून आहे. देशाच्या इतर भागांत जन्म आणि नाव यांची नोंद आजही चर्चच्या कार्यालयाकडे असते, मग तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. डेन्मार्कच्या त्या दक्षिण पट्ट्यात मात्र ती नगरपालिकेकडे असते, कारण प्रशियाने तिथे मुलकी नोंदणी सुरू केली होती.

टीकाराम
नोंद चर्चकडे असते हे वाचून विचारतो, तिथे जन्मलेल्या मराठी बाळाचे नावसुद्धा पाद्रीबाबाच लिहून घेतात काय?

ऑरहुसची सून
होय, माझ्या मुलाच्या बाबतीत तसेच झाले, आणि त्यात अडचण काहीही आली नाही. आता अर्ज संगणकावरूनच करायचा असतो. मुलाचे नाव जन्मापासून सहा महिन्यांच्या आत ठेवावे लागते आणि आईवडिलांनी आडनाव निवडलेच नाही तर आईचे आडनाव आपोआप लागते. माझे यजमान येन्सन आहेत. मी लग्नानंतर माझे माहेरचे ‘-कर’ असलेले आडनाव ठेवले, आणि इथे त्याचे कोणालाही काही वाटले नाही, कारण १९८२ पासून लग्नाने बाईचे नाव आपोआप बदलत नाही. नवऱ्याचे नाव हवे असल्यास तसे मागावे लागते.

मूळ प्रश्नातील आकड्यांविषयी सांगते. डॅनिश सांख्यिकी विभाग दर वर्षीच्या १ जानेवारीची आडनावांची यादी जाहीर करतो. नील्सन आणि येन्सन ही पहिली दोन नावे आहेत आणि दोन्ही लावणारे प्रत्येकी दोन लाखांहून अधिक आहेत. तिसऱ्या क्रमांकावर हान्सन आहे. म्हणजे रस्त्यावर भेटणाऱ्या दर पंचवीस-तीस माणसांमागे एक येन्सन. फार मोठा काळ येन्सन पहिल्या क्रमांकावर होते, परंतु २०१० नंतरच्या काही वर्षांत नील्सनने त्याला मागे टाकले. पहिल्या वीस नावांत ‘सन’ नसलेले एकच नाव दिसते, ते म्हणजे म्योलर, अर्थात गिरणीवाला. आमच्या सासऱ्यांना येन्सनचा पहिला क्रमांक गेल्याची बातमी वर्तमानपत्रातून कळली, तेव्हा त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि "चला, आता आम्ही दुर्मीळ झालो," असे म्हणून ते बागेत निघून गेले.

खडूस आजोबा
न्हावा शेवा बंदरात ‘मर्स्क’ लिहिलेले डबे ज्यांनी मोजले आहेत त्यांनी लक्षात घ्यावे की त्या कंपनीचे पूर्ण नाव ए. पी. म्योलर-मर्स्क असे आहे. १९०४ साली जहाजांचा धंदा सुरू करणाऱ्या बापलेकांपैकी बापाचे नाव पेटर मर्स्क म्योलर. जगाला मधले नाव ठाऊक झाले आणि गिरणीवाला मागे राहिला.

पवईकर
आजोबांनी बंदर काढले, तर मी पवई काढतो, कारण या विषयाचा आपल्या मुंबईशी असलेला सर्वांत जवळचा धागा तोच आहे. लार्सन अँड टुब्रो या नावातील दोघेही डॅनिश अभियंते. हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो यांनी १९३८ साली मुंबईत ही भागीदारी सुरू केली. दोघेही एफ. एल. स्मिट या सिमेंटची यंत्रसामग्री बनवणाऱ्या डॅनिश कंपनीच्या कामानिमित्त भारतात आले होते. माझे वडील तिथे तीस वर्षे फिटर होते आणि आमच्या चाळीत ‘लार्सनमध्ये आहे’ एवढे सांगितले की मुलीकडचे पुढची चौकशी करत नसत.

आता माझा प्रश्न असा आहे की लार्सन हे लार्सचा मुलगा, इतके कळले. पण मग हॉल्क कशासाठी?

वंशवेल
पवईकर, आपण नेमके दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेत. सगळेच लार्सन असतील तर कोणता लार्सन हे कसे कळणार? म्हणून अनेक घराण्यांनी आईकडचे किंवा शेताचे वेगळे नाव ‘सन’च्या आधी लावायला सुरुवात केली आणि व्यवहारात तेच वेगळेपण सांगणारे नाव ठरले. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजकारणातले आहे. पोउल न्यूरुप रास्मुसन, आनर्स फोग रास्मुसन आणि लार्स लोके रास्मुसन हे तिघे डेन्मार्कचे पंतप्रधान झाले, १९९३ ते २०११ पर्यंत एकापाठोपाठ एक, आणि तिघांचे परस्परांशी कोणतेही नाते नाही. त्यामुळे तिथल्या बातम्यांत ‘रास्मुसन म्हणाले’ असे लिहून भागत नाही. न्यूरुप, फोग आणि लोके असेच त्यांना ओळखतात.

खेड्यात ही सोय फार पूर्वीपासून होती. वहीत पाचही जण येन्स नील्सन असले तरी गावात एक लोहार येन्स, एक उत्तरेकडच्या वाडीचा येन्स, एक चर्चशेजारच्या वाडीचा येन्स असे ओळखले जात. पश्चिम यूलँडमध्ये (यूलँड म्हणजे डेन्मार्कचे मुख्य द्वीपकल्प) तर वाडीचे नाव माणसाला चिकटत असे आणि वाडी बदलली की नावही बदले. नोरगॉर म्हणजे उत्तरवाडी, सोनरगॉर म्हणजे दक्षिणवाडी, तसेच ओस्टरगॉर आणि वेस्टरगॉर. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगॉर यांचे आडनाव याच जातीचे आहे. त्यांचे पूर्वज यूलँडमधील सेडिंग गावी चर्चच्या मालकीच्या वाडीवर राहत, त्यावरून ते पडले.

खडूस आजोबा
उत्तरवाडी आणि दक्षिणवाडी हे ऐकून कोकणातला माणूस घरी आल्यासारखा बसेल.

गणितमास्तर
विषयाला धरूनच एक भर घालतो. पदवीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे ज्याला ‘जेन्सनची असमानता’ म्हणत आलो त्याचा कर्ता योहान येन्सन हा डॅनिश होता आणि आजवर मी त्याचे नाव चुकीचे उच्चारले, याबद्दल माझ्या सर्व माजी विद्यार्थ्यांची क्षमा मागतो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बहिर्वक्र फलनात सरासरीवर काढलेली किंमत ही किमतींच्या सरासरीहून कधीही जास्त नसते. हे त्याने १९०६ साली मांडले. तो विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. कोपनहेगनमध्ये टेलिफोन कंपनीत अभियंता होता आणि गणित फावल्या वेळात करत असे. ज्या शहराच्या टेलिफोन पुस्तकात येन्सनांची पानेच्या पाने असणार, तिथला टेलिफोन सांभाळणारा माणूसही येन्सनच असावा हे मला फार आवडले.

नवखा२३
मग एनव्हिडियाचे येन्सन हुआंग यांचे पूर्वजही डॅनिश आहेत काय?

गणितमास्तर
नाहीत. त्यांचे मूळ नाव जेन-ह्सुन असे चिनी आहे आणि जेन्सन हे त्याला दिलेले इंग्रजी वळण आहे. शिवाय तिथे ते पहिले नाव आहे, आडनाव नव्हे. मात्र टीआरपीच्या निमित्ताने आपण ज्या नील्सन कंपनीचे नाव ऐकतो तिचा संस्थापक आर्थर नील्सन याचे वडील डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेले होते.

उत्तरवारा
अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर देशाबाहेर हे आडनाव कुठे आढळते तेही एकत्र पाहू. नॉर्वे १८१४ पर्यंत डॅनिश राजाच्या सत्तेखाली होता आणि त्यांची लेखी भाषा डॅनिश होती, म्हणून तिथेही शेवट ‘सन’ (sen) असा ‘e’ने लिहिला जातो, तर स्वीडनमध्ये तोच ‘सोन’ (son) होतो आणि बहुधा त्याआधी जोड ‘स’ येतो. ग्रीनलँडमध्ये तिथल्या मूळच्या इनुइट लोकांनी डॅनिश मिशन आणि प्रशासन यांच्या काळात ही नावे घेतली. तिथले सध्याचे पंतप्रधान येन्स-फ्रेडरिक नील्सन आहेत. अमेरिकेत युटा राज्यात येन्सन, क्रिस्टेन्सन आणि सोरेन्सन लक्षणीय संख्येने आहेत, कारण मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचे प्रचारक १८५० साली डेन्मार्कमध्ये पोहोचले आणि पुढील दशकांत त्यांच्या मागे हजारो डॅनिश कुटुंबे तिकडे गेली. तिथे गेल्यावर उच्चार मात्र ‘जेन्सन’ झाला. म्हणजे मुळारंभ, तुमच्या कचेरीने केलेली चूक आधी संपूर्ण अमेरिकेने करून ठेवली आहे.

देशातल्या देशात पाहिले तर येन्सनांचे प्रमाण उत्तर यूलँडकडे अधिक, हान्सनांचे दक्षिणेकडे आणि बेटांवर, तर रास्मुसन हे नाव फ्यून बेटावर ठळक दिसते. सोरेन्सन पूर्व यूलँडचे. तिथे गामेल र्यू येथे संत सोरेनचे जुने यात्रास्थान होते आणि त्या पंचक्रोशीत मुलांची नावे सोरेन ठेवण्याची आवड होती.

शब्दवेल्हाळ
संख्या घटण्याच्या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही. माझ्या मते कारण उघड आहे. इतर देशांतून आलेल्यांची संख्या वाढली, म्हणून ‘सन’वाले कमी झाले.

ऑरहुसची सून
शब्दवेल्हाळ दादा, तसे असते तर फक्त टक्का घटला असता. प्रत्यक्षात येन्सन म्हणवणाऱ्या माणसांची नुसती संख्यासुद्धा कमी होत आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसामुळे आधीचा येन्सन काही नाहीसा होत नाही. तो स्वतःच नाव बदलतो, किंवा आपल्या मुलांना ते देत नाही.

हे जुनेच आहे. १९०४ च्या कायद्याने सामान्य माणसाला ‘सन’ सोडून वेगळे नाव घेणे सोपे आणि स्वस्त केले, कारण सरकारी दफ्तरांनाच या सारखेपणाचा त्रास होऊ लागला होता. आता लोक मधले नाव शेवटी आणतात आणि ‘सन’ गाळून टाकतात. आईचे नाव वेगळे उठून दिसणारे असेल तर मुलांना तेच देतात. माझ्या मुलाच्या वर्गात आईचे किंवा वडिलांचे आडनाव येन्सन आहे अशी चार मुले आहेत, पण स्वतः येन्सन एकच आहे, आणि तो माझा मुलगा आहे. त्याच्या नावात माझे आडनाव मधे आहे.

एक मजेशीर गोष्ट सांगते. २००६ पासून लागू असलेल्या नावांच्या कायद्यानुसार जे आडनाव दोन हजारांहून अधिक लोक लावतात ते कोणालाही घेता येते, आणि त्याहून कमी लोकांचे असेल तर ते संरक्षित असते. त्यामुळे आमचा शेजारी उद्या सकाळी उठून येन्सन होऊ शकतो, त्याला कोणी अडवणार नाही. पण त्याला माझे कोकणातले ‘-कर’ हवे असेल, तर ते लावणाऱ्या आम्हा मोजक्या लोकांची संमती आणावी लागेल. ही माहिती मी सासऱ्यांना दिली तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आडनावाच्या बाबतीत घरात सरदारीण कोण हे त्या दिवशी ठरले.

पवईकर
सूनबाई, संमतीची किंमत काय ठेवली आहे? शेजाऱ्याला दर कळवून ठेवा.

वंशवेल
त्याच कायद्याने आणखी एक दार उघडले आहे, ते इथे नोंदवतो. आता पुन्हा बापाच्या किंवा आईच्या पहिल्या नावाला ‘सन’ अथवा ‘दाटर’ जोडून आडनाव घेता येते. दीडशे वर्षे शासनाने जी चाल मोडण्यासाठी हुकमांवर हुकूम काढले, ती शासनानेच परत देऊ केली. पुढच्या वंशावळकारांची मला आत्ताच दया येते.

ज्यांना खरोखर एखाद्या येन्सन घराण्याचा शोध घ्यायचा असेल त्यांनी आडनाव हा शब्द विसरून जावा. गाव, पॅरिश आणि जन्मतारीख धरावी. १८१४ पासून चर्चच्या वह्या ठरावीक नमुन्यात आहेत आणि दोन प्रतींत लिहिल्या गेल्या. आग लागून दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून त्या एका छपराखाली रात्र काढू शकत नसत, असा नियमच होता. १७८७ आणि १८०१ च्या जनगणना आहेत. मुलग्यांसाठी १७८९ पासूनच्या लष्करभरतीच्या याद्या उत्तम, कारण त्यांत बापाचे नाव, गाव आणि उंचीसुद्धा सापडते. हे सर्व डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे. लिपी मात्र जुनी गॉथिक वळणाची आहे. मोडी वाचणाऱ्यांना तिची भीती वाटणार नाही, इतरांना वाटेल.

मुळारंभ
सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काल पुन्हा बैठक होती आणि ती लवकर संपल्यामुळे मी धीर करून तिघांपैकी वयाने मोठ्या असलेल्या येन्सन साहेबांना त्यांच्या घराण्याविषयी विचारले. ते लिमफ्योर्ड या उत्तर यूलँडमधील खाडीच्या उत्तरेकडचे, म्हणजे उत्तरवारा यांनी सांगितले त्याच पट्ट्यातले निघाले. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचे आडनाव येन्सन, परंतु त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचे आडनाव अँडरसन नोंदले गेले होते, कारण थोरल्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो पाद्री होता तो धाकट्याच्या वेळी बदलला होता. म्हणजे वंशवेल यांनी जे दोन पॅरिशमध्ये घडते असे सांगितले ते यांच्या एका घरातच घडले. त्या भावाचे वंशज आजही तीन किलोमीटरवर राहतात आणि वर्षातून एकदा दोन्ही घरे एकत्र जेवतात.

त्यांच्या मुलीने गेल्या वर्षी ‘येन्सन’ गाळून आजीच्या वाडीचे नाव घेतले. आपल्याला वाईट वाटले काय, असे मी विचारले. ते म्हणाले की नाही, आजीकडचे डोंगर, पाणचक्की आणि घोडे सगळे त्या नावात आहे, आणि येन्स नावाच्या ज्या मूळ माणसावरून हे आडनाव आले त्याच्याविषयी मात्र त्यांना एवढेच ठाऊक आहे की लष्करभरतीच्या यादीत त्याची उंची कमी पडली होती.

हे सर्व मी साहेबांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक आहे, पण मग ईमेलमध्ये तिघांना काय म्हणायचे?" तेव्हा आता आम्ही त्यांना पहिल्या नावाने हाक मारतो. दुर्दैवाने त्यांपैकी दोघांचे पहिले नाव लार्स आहे.